मूल एक, बघणारे दहा: एडीएचडीचं संशोधन सोप्या भाषेत

इन्स्टाग्राम उघडून दोन-चार रील पुढे सरकवल्या की 'तुम्हाला एडीएचडी असल्याची पाच लक्षणं' सांगणारी एखादी हटकून समोर येते. किल्ल्या विसरता? अर्धवट कामं सोडता? झालं, लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या या विकाराचं निदान हातात! २०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे या विषयाचे सर्वांत लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले, तेव्हा त्यांतले ५२ दिशाभूल करणारे निघाले. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण ती कसर रील्सनी भरून काढली आहे. त्यात शाळेच्या ओपन हाउसला बाई म्हणतात, 'याला एकदा दाखवून घ्या,' आणि घरात दोन तट पडतात. आई रात्रभर गूगल करते. आजोबा म्हणतात, 'याचा बापही असाच वांड होता. काय बिघडलं त्याचं?'

दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. हा विकार आहे, आणि मेंदूशी व आनुवंशिकतेशी त्याचं नातं पक्कं आहे. पण तो मोजायला थर्मामीटर नाही. मोठी माणसं मुलाकडे बघतात आणि सांगतात, त्यावर तो ठरतो. आणि बघणाऱ्याची नजर फसते. या विषयातलं मला सगळ्यात रंजक वाटणारं संशोधन या फसव्या नजरेला वळसा घालण्याच्या खटपटीतून आलेलं आहे. उलटसुलट बातम्या वाचताना 'हे बघितलं कोणी, आणि त्याला आधीपासून काय माहीत होतं?' एवढं विचारलं तरी बराच गुंता सुटतो.

## नेमकं बिघडतं काय?

एडीएचडी म्हणजे अवधान टिकवण्यातल्या अडचणीचा आणि अतिचंचलतेचा विकार. डॉक्टर निदानासाठी जे निकष वापरतात त्यांपैकी एक संच अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या पुस्तिकेतला आहे. त्यात लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आहेत आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ. मुलात कुठल्यातरी एका गटातली निदान सहा दिसायला हवीत, तीही सहा महिने सतत, बाराव्या वर्षाच्या आधीपासून, आणि एकाहून जास्त ठिकाणी. शिवाय त्यामुळे अभ्यास, मैत्री, घरचं जगणं यांत खरोखर अडथळा येत असला पाहिजे. रीलमध्ये नेमक्या याच अटी गाळलेल्या असतात. फक्त गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणारं पोर यात बसत नाही. नाहीतर आपण सगळेच बसलो असतो.

पालकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: कार्टून तीन तास हलल्याशिवाय बघतो, मग लक्ष नाही कसं? लक्ष असतंच. टाकीत पाणी भरपूर आहे, तोटी ढिली आहे. कार्टून, गेम, आवडीचं चित्र यांत दर क्षणाला काहीतरी नवं मिळत राहतं, तिथे तोटी वळवायची वेळच येत नाही. नको असलेल्या कामाकडे लक्ष वळवणं, तिथे ते धरून ठेवणं, 'आत्ता नको, नंतर' म्हणून स्वतःला थांबवणं, हे जमत नाही. हे थांबवण्याचं आणि वळवण्याचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं आणि त्याला जोडलेल्या यंत्रणांचं. त्यांत डोपामीन या रसायनाचा मोठा वाटा असतो. 'मनात आणलं तर करतो' असं आपण म्हणतो, पण अडचण त्या मनात आणण्यातच आहे.

## स्कॅनमध्ये किंवा रक्तात दिसतं का?

थोडं दिसतं, पण एका मुलाचं निदान करण्याइतकं नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले. मेंदूचं बाह्य आवरण वाढत्या वयात आधी जाड होतं आणि मग पातळ होत जातं. त्या आवरणाच्या निम्म्या भागाची कमाल जाडी एरवीच्या मुलांत सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास गाठली गेली होती, एडीएचडी असलेल्यांत साडेदहाच्या सुमारास. क्रम तोच होता, फक्त उशीर होता, आणि तो पुढच्या भागात जास्त होता. पण ही सरासरी आहे. तुमच्या बंटीचा एक स्कॅन काढून त्यावरून काही सांगता येत नाही.

आनुवंशिकतेचंही तसंच. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की मुलामुलांत या लक्षणांचा जो कमीअधिकपणा असतो, त्यातला सुमारे ७० ते ८० टक्के वाटा जनुकांचा आहे. उंचीच्या जवळपास जाणारा आकडा आहे हा. म्हणजे 'बापही असाच होता' हे आजोबांचं वाक्य विकाराच्या विरोधातलं नाही, बाजूचं आहे! पण एडीएचडीचं असं एकच जनुक नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ३८ हजारांहून जास्त निदान झालेल्या लोकांची जनुकं तपासली, तेव्हा जनुकसंचात या विकाराशी संबंधित २७ ठिकाणं सापडली. प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर.

त्यामुळे 'ब्रेन मॅपिंग'च्या एका रिपोर्टवर कोणी निदान देत असेल, किंवा बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू ओळखून दाखवत असेल, तर तिथे पैसे घालवू नका. दुसऱ्या प्रकाराला तर विज्ञानाचा कसलाच आधार नाही.

## डिसेंबरातली मुलं

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात. तिथल्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होतं. मुलींमध्ये ते ७० टक्क्यांनी जास्त होतं. जन्ममहिन्यावरून मेंदूचा विकार ठरत नाही. डिसेंबरातलं मूल वर्गात सगळ्यात लहान असतं, इतकंच. जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांशेजारी बसल्यावर त्याचं वयाला साजेसं वागणंही पोरकट दिसतं. अमेरिकेत ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांबाबत, कारण तिथे अनेक राज्यांत १ सप्टेंबरला वय मोजतात, २०१८ मध्ये असंच आढळलं. डेन्मार्कमध्ये मात्र हा फरक जवळजवळ दिसला नाही. तिथे मूल तयार वाटत नसेल तर वर्षभर उशिरा शाळेत घालण्याची पद्धत रुळलेली आहे आणि निदानही तज्ज्ञच करतात.

महाराष्ट्रातही पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरलाच सहा पूर्ण लागतात. जूनमध्ये पहिलीत बसणारी डिसेंबरातली मुलगी साडेपाचची असते, आणि तिच्या बाकावरची मैत्रीण साडेसहा ओलांडायच्या बेतात. (आधीच्या पिढीत तर गुरुजी परस्पर १ जून लावून मोकळे व्हायचे. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी.) बाईंनी 'वर्गात हाच एक बसत नाही' म्हटलं तर आधी जन्मतारीख बघा. मूल आठ-नऊ वर्षांचं झाल्यावरही तीच तक्रार असेल, तर ती जास्त गंभीरपणे घ्या.

हीच नजर मुलींच्या बाबतीत उलटी चुकते. बाकावरून उठून पळणारा मुलगा बाईंना दिसतो. खाली मान घालून स्वप्नरंजनात बुडालेली, वही अर्धी कोरी ठेवणारी मुलगी 'शांत, पण जरा आळशी' ठरते. दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये मुलग्यांचं पारडं फार जड दिसतं. घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांत ते तितकं जड नसतं.

आकड्यांच्या गोंधळाचं मूळही इथेच आहे. जगभरातल्या १०२ अभ्यासांची गोळाबेरीज करून ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये मुलांमधलं प्रमाण ५.३ टक्क्यांच्या आसपास ठरवलं. अमेरिकेत २०२२ मध्ये पालकांना विचारलं, तर ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळालेलं होतं. कोइंबतूरच्या प्राथमिक शाळांतल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही ११ टक्क्यांच्या वर आकडा आला. देशोदेशीचे मेंदू एवढे वेगळे नसतात. कोणाला विचारलं, कुठली प्रश्नावली वापरली आणि 'अडथळा येतो का' ही अट लावली का, यावर बरंच अवलंबून असतं.

## साखर, मोबाइल आणि आईची चूक

वाढदिवसाला केक खाल्ला की पोरं घर डोक्यावर घेतात, हे सर्वमान्य सत्य. १९९४ मध्ये अमेरिकेत याची एक मजेदार परीक्षा झाली. 'आमच्या मुलाला साखर चढते' असं सांगणाऱ्या आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे ३५ मुलगे बोलावले. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की त्यात भरपूर साखर आहे. मग मायलेकरांना एकत्र खेळायला बसवून चित्रीकरण केलं. 'साखर दिली आहे' असं समजणाऱ्या आयांनी आपला मुलगा जास्त चंचल असल्याचं नोंदवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चित्रफितीत त्या आया मुलाला जास्त चिकटून बसलेल्या, जास्त टोकणाऱ्या, सारखं लक्ष ठेवणाऱ्या दिसल्या. साखर पोटात गेलीच नव्हती, ती आईच्या डोळ्यांत होती. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात अख्ख्या कुटुंबांचं खाणं आठवडेच्या आठवडे बदलून पाहिलं. तिथेही साखरेचा वर्तनावर परिणाम दिसला नाही. दात आणि वजन यांसाठी साखर आवरायला हवीच, तो मुद्दा वेगळा. खाद्यरंगांबद्दल मात्र थोडा पुरावा आहे. २००७ मधल्या ब्रिटिश प्रयोगानंतर युरोपात काही कृत्रिम रंगांच्या पाकिटांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. परिणाम लहान आहे, पण शून्य म्हणता येत नाही.

मोबाइलचं काय? लॉस एंजेलिसमधल्या अडीच हजारांहून जास्त किशोरांचा दोन वर्षं पाठपुरावा करून २०१८ मध्ये निष्कर्ष आले. सुरुवातीला कोणातच ठळक लक्षणं नव्हती. जे मोबाइल-इंटरनेटवरची कुठलीच गोष्ट दिवसातून अनेकदा करत नव्हते, त्यांच्यात पुढे ४.६ टक्क्यांना लक्षणं दिसली. अशा १४ गोष्टी करणाऱ्यांत १०.५ टक्क्यांना. फरक आहे, पण मोबाइलने लक्ष विस्कटलं की मुळात तोटी ढिली असलेली मुलं मोबाइलकडे जास्त ओढली गेली, हे यातून सुटत नाही. माझ्या मते दोन्ही थोडं थोडं असावं. मात्र इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी, १९०२ मध्ये, जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमधल्या व्याख्यानांत याच्याशी बरीच मिळतीजुळती मुलं वर्णन केली होती. तेव्हा 'पूर्वी नव्हतं हे' या म्हणण्यात फारसा दम नाही.

गरोदरपणात घेतलेल्या पॅरासिटामॉलमुळे मुलांना ऑटिझम, एडीएचडी होतो, या दाव्यावरूनही २०२५ मध्ये अमेरिकेतून मोठी खळबळ उडाली. स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या २०२४ मधल्या अभ्यासात वरवर पाहता एडीएचडीशी किंचित संबंध दिसत होता. संशोधकांनी एकाच आईच्या मुलांची तुलना केली, म्हणजे एका खेपेला गोळी घेतली होती आणि एका खेपेला नाही, तेव्हा तो संबंध नाहीसा झाला. घर तेच, आई तीच, त्यामुळे गोळीचा वाटा वेगळा काढता आला. आयांच्या डोक्यावर अपराधाचं ओझं टाकण्याआधी एवढी तरी तसदी घ्यायला हवी.

## मस्ती, उलटून बोलणं आणि वर्तनविकार

एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत घरच्यांचा जीव चंचलतेने जात नाही, तो भांडणांनी जातो. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात (त्याविषयी पुढे) अशा सुमारे ४० टक्के मुलांमध्ये सतत विरोध करणं, उलटून बोलणं, मुद्दाम चिडवणं एवढं होतं की त्याचंही वेगळं निदान करावं लागलं. मारामाऱ्या, चोऱ्या, प्राण्यांना छळणं इथपर्यंत मजल गेली की त्याला वर्तनविकार म्हणतात. तो त्याच्या पुढचा टप्पा.

अमेरिकेतल्या ओरेगनमधले मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी निरीक्षकांना चक्क लोकांच्या घरी बसवलं आणि क्षणाक्षणाची नोंद करायला लावली. त्यांना जे चक्र दिसलं ते आपल्या दिवाणखान्यातही रोज फिरतं. आई: 'मोबाइल ठेव, जेवायला चल.' उत्तर नाही. 'कितीदा सांगू?' 'पाच मिनिटं गं!' 'आत्ताच्या आत्ता ठेव.' मुलगा ओरडतो, उशी फेकतो. आई थकून म्हणते, 'मर, बस उपाशी,' आणि आत जाते. मुलगा शिकला की ओरडलं की कटकट थांबते. आई शिकली की माघार घेतली की ओरडणं थांबतं. दोघांनाही आत्तापुरती सुटका मिळाली, म्हणून उद्याही हेच होणार, थोड्या वरच्या पट्टीत. कोणीच वाईट नाही, आणि तरी घराचा आखाडा होतो.

पालक-प्रशिक्षण म्हणतात ते हेच चक्र तोडणं. जवळ जाऊन, नाव घेऊन, एकदाच आणि एकच सूचना द्यायची. ऐकलं की त्याच क्षणी त्याची दखल घ्यायची, रविवारी सायकल देऊन नाही. क्षुल्लक कुरबुरीकडे काणाडोळा करायचा. आणि जे परिणाम सांगितले ते लहानसे, पण दरवेळी पाळायचे. यात उपदेश कमी आणि सराव जास्त असतो. लहान वयातल्या हट्टी, आक्रमक वागण्यावर याचा पुरावा चांगला आहे. एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर मात्र, घरात बदल झाल्याचं ज्यांना माहीत नाही अशा निरीक्षकांनी गुण दिले की, परिणाम बराच आक्रसतो. तरी घरातली भांडणं कमी होत असतील तर ती कमाई लहान नाही.

किशोरवयात अचानक वाह्यात झालेल्या मुलांच्या पालकांसाठी न्यूझीलंडमधला एक अभ्यास दिलासा देतो. ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेली १,०३७ मुलं संशोधक आजतागायत तपासत आहेत. त्या आधारे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा वेगळ्या काढल्या. थोडी मुलं तीन-चार वर्षांची असल्यापासून आक्रमक असतात. त्यांच्यात लक्ष न टिकणं, भाषेतल्या अडचणी आढळतात आणि त्रास मोठेपणीही सरत नाही. त्याहून कितीतरी जास्त मुलं चौदा-पंधराव्या वर्षी बिघडल्यासारखी होतात आणि विशी ओलांडताना बहुतेक ताळ्यावर येतात. म्हणून 'काय करतो' याइतकाच 'कधीपासून करतो' हा प्रश्न महत्त्वाचा.

## गोळी म्हणजे गुंगी का?

एडीएचडीवरच्या गोळीचा शोध अपघातानेच लागला. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर वर्तनसमस्या असलेल्या मुलांचं निवासी रुग्णालय चालवत होते. एका तपासणीनंतर मुलांचं डोकं फार दुखायचं, म्हणून त्यांनी उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा गुण आला नाही, पण ३० पैकी १४ मुलं वर्गात एकदम मन लावून काम करू लागली. मुलांनीच तिला गणिताची गोळी म्हणायला सुरुवात केली. आज सर्वाधिक वापरलं जाणारं मिथिलफेनिडेट याच जातीचं. ते गुंगी आणत नाही, डोपामीनचं काम सुधारून तोटी घट्ट करतं. मूल मरगळलेलं, 'झॉम्बी'सारखं दिसत असेल तर बहुधा डोस जास्त झालेला असतो, आणि ते डॉक्टरांना लगेच सांगायला हवं. भूक कमी होणं आणि झोप उशिरा लागणं हे नेहमीचे त्रास.

आता तो मोठा प्रयोग. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अमेरिकेतल्या सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट केले होते: काटेकोर औषधोपचार, वर्तनोपचार, दोन्ही, आणि गावातल्या डॉक्टरांकडचे नेहमीचे उपचार. १४ महिन्यांनी मूळ लक्षणांवर औषधाचे दोन्ही गट सरस ठरले. दोन्ही उपचार घेणाऱ्यांना औषध कमी पुरलं. मात्र प्रयोग संपून मुलं आपापल्या वाटेने गेल्यावर, तिसऱ्या वर्षी, गटांमधला फरक पुसला गेला. गोळी चष्म्यासारखी डोळ्यांवर असेतोच काम करते की तिचा गुणच ओसरतो, यावर वाद आहे. सतत गोळी घेणाऱ्यांची उंची सुमारे दोन सेंटिमीटरने कमी भरली, हेही लपवायचं कारण नाही.

शिवाय या प्रयोगातल्या पालक-शिक्षकांना कोणत्या मुलाला काय मिळतंय हे माहीत होतं. म्हणून स्वीडनचा २०१२ मधला अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. तिथे कोणाचं मत विचारलंच नाही, थेट न्यायालयाच्या नोंदी पाहिल्या. एडीएचडी असलेल्या २५ हजारांहून जास्त मोठ्या वयाच्या लोकांची तुलना त्यांच्या स्वतःशीच केली: औषध चालू असतानाचा काळ आणि बंद असतानाचा. चालू असताना गुन्ह्यांचं प्रमाण पुरुषांत ३२ आणि स्त्रियांत ४१ टक्क्यांनी कमी होतं.

व्यसनाची भीती? लहानपणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध घेतल्याने पुढे व्यसनाचा धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. दुसऱ्याची गोळी परीक्षेच्या रात्री घेणं हा वेगळा आणि धोक्याचा प्रकार. म्हणूनच आपल्याकडे मिथिलफेनिडेट औषध नियमांच्या परिशिष्ट 'एक्स'मध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत केमिस्ट दोन वर्षं जपून ठेवतो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ते बहुधा मिळतही नाही.

## दाखवायला नेताना

बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर गाठा. आधी डोळे, कान, झोपेतलं घोरणं आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलेलं बरं, कारण ऐकू कमी येणारं मूलही 'लक्ष देत नाही'. वाचन-लेखनाच्या अक्षमतेची चाचणीही करा. ती एडीएचडीबरोबर पुष्कळदा असते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तिला जागा आहे, एडीएचडीला स्वतंत्र नाही. परीक्षेतल्या सवलतींची वाट त्यामुळे बहुधा त्या प्रमाणपत्रातूनच जाते. सोबत जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं न्या. दुसरीतल्या बाईंचा लाल शाईतला शेरा हा 'बारा वर्षांच्या आधीपासून' याचा लेखी पुरावा असतो.

गोळी सुरू करायची ठरली, तर डॉक्टरांना विचारून एक करता येतं. वर्गशिक्षिकेला कल्पना द्या, पण विषयाच्या एखाद्या बाईंना काही न सांगता आधी एकदा आणि महिन्याभराने पुन्हा एकदा लक्षणांची तीच प्रश्नावली भरायला द्या.